मऊ कड काढते कोण? व्हेक्टर चित्रांतील धूसर आकारांचे परीक्षण



व्हेक्टर चित्रे काढण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये धूसर सावली करणे आज अगदी सोपे आहे. वर्तुळ काढा, काळा रंग भरा, ब्लरची पट्टी थोडी उजवीकडे सरकवा, झाली सावली. अडचण येते ती पुढे. तीच फाईल पीडीएफ करून छापायला दिली की सावलीशेजारची अक्षरे दातेरी येतात. वेबपानावर टाकली की सावलीची एक बाजू पट्टीने कापल्यासारखी दिसते. लेसर कटिंगच्या यंत्राला दिली की सावली नाहीशीच होते, नाहीतर सावलीच्या जागी ठळक कड कापली जाते. मग तुम्ही विचारता, "सर, व्हेक्टर चित्र कितीही मोठे केले तरी बिघडत नाही असे पुस्तकात आहे, मग हे असे का?"

या टिपणात आपण मऊ कडा तयार करण्याच्या प्रचलित पद्धती तपासणार आहोत. बटणे कुठे आहेत हे सांगणारे धडे भरपूर आहेत, त्यांची पुनरावृत्ती येथे नाही. प्रत्येक पद्धत काय आश्वासन देते आणि त्यातले किती पाळते, हे पाहायचे आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. व्हेक्टर फाईलमध्ये मऊ कड हा बहुतेक वेळा आकार नसतो, ती एक सूचना असते. ती सूचना कोण अमलात आणणार, कधी आणणार आणि किती बारकाईने आणणार, हे सॉफ्टवेअर तुमच्यापासून झाकून ठेवते. दोष धूसरपणाचा नाही, या झाकण्याचा आहे.

१. मुळात अडचण काय आहे?

व्हेक्टर आकार म्हणजे बंद वक्र आणि त्यात भरलेला रंग. प्रतलावरचा कोणताही बिंदू घ्या, तो वक्राच्या आत असतो किंवा बाहेर असतो. तिसरी शक्यता नाही. गणिताच्या भाषेत हे शून्य किंवा एक अशी किंमत देणारे फलन आहे आणि कडेवर त्याची किंमत एकदम उडी मारते.

पडद्यावर कड किंचित गुळगुळीत दिसते, ती अँटी-अलायझिंगमुळे. कडेवरच्या पिक्सेलचा जितका भाग आकाराने व्यापला असेल तितका रंग त्याला मिळतो. हा मऊपणा जेमतेम एका पिक्सेलचा असतो आणि चित्र कितीही मोठे केले तरी एका पिक्सेलचाच राहतो. आपल्याला हवी असलेली मऊ कड वेगळी आहे. तिला स्वतःची रुंदी हवी, आणि चित्र दुप्पट केले की ती रुंदीही दुप्पट व्हायला हवी.

धूर, ढग, दिव्याभोवतीचे तेज, गालावरची छटा, धातूच्या गोळ्यावरची चकाकी या सगळ्यांत शून्य आणि एक यांच्यामधल्या किमती लागतात. वक्र आणि सपाट रंग एवढ्या सामग्रीतून त्या मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरने काहीतरी वेगळी सोय जोडली आहे. ती सोय व्हेक्टरच्या तत्त्वाशी किती प्रामाणिक आहे, हीच आपली कसोटी.

कसोटीचे तीन प्रश्न लक्षात ठेवा. चित्र मोठे केले तर कड तशीच राहते का? मूळ आकार नंतर बदलता येतो का? आणि फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, छपाईत किंवा यंत्रावर गेली तर कड टिकते का?

२. ब्लर: सर्वांत सोपी, म्हणून सर्वांत फसवी

एसव्हीजी हे वेबवरील व्हेक्टर चित्रांचे मानक. डब्ल्यू३सी या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये मंजूर केली, तेव्हापासून गॉशियन ब्लर हा फिल्टर त्यात आहे. इंकस्केप या मुक्त सॉफ्टवेअरने तो ०.४५ या आवृत्तीत, २००७ मध्ये आणला आणि 'फिल अँड स्ट्रोक' या पेटीत त्याची पट्टी ठेवली. रंग आणि रेषेची जाडी जिथे ठरते तिथेच धूसरपणाही ठरतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय उत्तम होता. पण त्यामुळे ब्लर हा रंगासारखाच आकाराचा एक गुणधर्म आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात फाईलमध्ये मूळ तीक्ष्ण आकार जसाच्या तसा राहतो आणि त्याला एका फिल्टरचा दुवा जोडलेला असतो. फिल्टर सांगतो, "आधी हा आकार पिक्सेलांत उतरव, मग प्रत्येक पिक्सेलची शेजाऱ्यांशी भारित सरासरी काढ." म्हणजे काम पिक्सेलांवर चालते आणि ते चित्र दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर सोपवलेले असते.

या सोपवण्याचा मोठा फायदा आहे, तो नाकारू नका. मूळ आकार सुरक्षित असल्याने नोड हलवता येतात, कड आपोआप नवी होते. चित्र मोठे केले तर ब्राउझर नव्या पिक्सेलांवर पुन्हा गणित करतो, त्यामुळे पडद्यावर बिघाड दिसत नाही. पहिल्या दोन प्रश्नांत ब्लर उत्तीर्ण होतो.

आता तो आकाराचे काय करतो ते पाहू. गॉशियन ब्लरमध्ये एकच संख्या असते, प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा. सरळ कडेला ब्लर दिला की अपारदर्शकता संचयी प्रसामान्य वितरणाप्रमाणे बदलते. मूळ कडेवर ती नेमकी ५० टक्के असते. कडेपासून एक सिग्मा आत गेलात की ८४ टक्के, दोन सिग्मा आत ९८ टक्के. बाहेरच्या बाजूला तेवढ्याच अंतरांवर १६ आणि २ टक्के. संख्याशास्त्राच्या तासाला पाहिलेले कोष्टक येथे चित्रात उतरले आहे.

यातून तीन गोष्टी निघतात आणि त्या पट्टीवर कुठेही लिहिलेल्या नसतात.

पहिली, कड दोन्ही बाजूंना पसरते. आकार बाहेर फुगतो आणि आत पोखरला जातो. धूसरपणा मूळ रेषेच्या आतच राहावा असे वाटत असेल, तर इंकस्केपमध्ये 'पाथ' यादीतील 'इनसेट' वापरून आकार आधी आत ओढून घ्यावा आणि मग ब्लर द्यावा. अडोबी इलस्ट्रेटरमधला 'फेदर' हा परिणाम मात्र मूळ कडेपासून आतल्या बाजूला विरत जातो. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये 'मऊ कड' म्हटले तरी अर्थ वेगळा आहे.

दुसरी, कोपरे झिजतात. चौरसाच्या बाजूवर अपारदर्शकता ५० टक्के असते, पण अगदी कोपऱ्यावर ती अर्ध्याची अर्धी, म्हणजे २५ टक्के उरते. डोळ्याला जी कड वाटते ती ५० टक्क्यांची रेषा कर्णावर दोन्ही बाजूंपासून सुमारे ०.५५ सिग्मा आत सरकते. चौरस गोलसर दिसतो तो यामुळे.

तिसरी, बारीक भाग विरघळतात. दोन सिग्मा रुंदीच्या पट्टीच्या मध्यावर ६८ टक्के रंग उरतो, एक सिग्मा रुंदीच्या पट्टीवर फक्त ३८ टक्के. देवनागरी अक्षरांना सावली देताना हे फार जाणवते. अक्षराचा दंड जाड असतो, तो टिकतो. 'ध' आणि 'घ' किंवा 'म' आणि 'भ' यांत फरक करणारी बारीक फट आणि गाठ मात्र भरून जाते. रेघेची जाडी २ मिलिमीटर असेल तर सिग्मा १ मिलिमीटरच्या वर नेल्यावर सावली अक्षराची न राहता नुसत्या डागाची होते. डागच हवा असेल तर ठीक, पण मग तो डाग एका साध्या लंबवर्तुळानेही झाला असता.

३. पट्टी काय सांगत नाही

इंकस्केपची पट्टी टक्क्यांत चालते आणि टक्केवारी वस्तूच्या आकारमानावरून ठरते. म्हणून मोठ्या वर्तुळाला १० टक्के आणि लहान वर्तुळाला १० टक्के दिले तर दोन्ही कडांची रुंदी वेगळी येते. एका चित्रातल्या सगळ्या सावल्या एकाच दिव्याच्या वाटायला हव्यात. टक्केवारी सारखी ठेवणारा विद्यार्थी नेमका तिथेच चुकतो, आणि पट्टीच त्याला चुकायला लावते. उपाय असा की फिल्टर एडिटर उघडून प्रमाण विचलनाचा आकडा पाहावा आणि तो जुळवावा. वस्तू स्वतंत्रपणे लहान-मोठ्या केल्या असतील तर हा आकडाही त्या पटीत वाचावा लागतो. ही सोय पट्टीच्या शेजारी मिलिमीटरमध्ये असायला हवी होती.

दुसरा दोष कापल्या जाणाऱ्या सावलीचा. फिल्टरला काम करायला एक चौकट लागते. एसव्हीजीच्या मानकानुसार, काहीच सांगितले नाही तर ही चौकट वस्तूच्या भोवती प्रत्येक बाजूला १० टक्के असते. समजा चौरसाची बाजू १०० एकक आहे आणि सिग्मा १० एकक. धूसर कड पूर्ण विरायला तीन सिग्मा, म्हणजे ३० एकक जागा हवी. मिळते फक्त १०. तिथे अजून सुमारे १६ टक्के रंग शिल्लक असतो आणि तो पट्टीने कापल्यासारखा तुटतो. इंकस्केप ही चौकट आपोआप वाढवून लिहितो, म्हणून तिथे हा दोष सहसा दिसत नाही. वेब प्रोग्रॅमिंगच्या प्रयोगात हाताने एसव्हीजी लिहिणाऱ्यांना मात्र तो हटकून भेटतो. चौकट स्वतः लिहा आणि प्रत्येक बाजूला किमान तीन सिग्मा जागा सोडा.

तिसरे, दोन प्रोग्रॅम एकच फाईल किंचित वेगळी दाखवू शकतात. खरे गॉशियन गणित महाग असल्याने सिग्मा २ किंवा अधिक असेल तर सलग तीन साध्या सरासऱ्या काढून काम भागवायला मानकानेच परवानगी दिली आहे. त्यातला फरक साधारण ३ टक्क्यांच्या आत राहतो. सावलीसाठी तो नगण्य आहे, पण 'फाईल एक म्हणजे चित्र एक' हा समज ब्लरच्या बाबतीत तंतोतंत खरा नाही.

४. छपाई: दोष कुणाच्या माथी मारायचा?

आता तिसरा प्रश्न. पीडीएफमध्ये पारदर्शकता आहे (ती १.४ आवृत्तीपासून आली), ग्रेडियंट आहेत, पण गॉशियन ब्लर नावाची आज्ञा नाही. त्यामुळे पीडीएफ करताना ब्लरचे चित्र पिक्सेलांत गोठवण्यावाचून सॉफ्टवेअरला पर्याय नसतो. इंकस्केपच्या पीडीएफ पेटीत 'फिल्टर परिणामांचे रास्टर करा' असा पर्याय आणि त्यासाठी डीपीआयचा आकडा असतो. तो मुळात ९६ असतो आणि बहुतेक जण तो न बघता पुढे जातात. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम 'डॉक्युमेंट रास्टर इफेक्ट्स सेटिंग्ज' या पेटीतून होते. तिथे ७२, १५० आणि ३०० असे पर्याय मिळतात.

येथे नेहमीचा सल्ला असतो, "ब्लर टाळा, तो रास्टर आहे." हा सल्ला अर्धवट आहे. आकडे मांडून पाहू.

समजा भित्तीपत्रकावर ३ मिलिमीटर सिग्माची सावली आहे. ९६ डीपीआयला एक पिक्सेल ०.२६ मिलिमीटरचा, म्हणजे सिग्मा झाला सुमारे ११ पिक्सेल. शेजारच्या दोन पिक्सेलांमध्ये अपारदर्शकतेचा फरक जास्तीत जास्त साडेतीन टक्के पडतो. पाव मिलिमीटरच्या ठिपक्यांत एवढा फरक हातात धरलेल्या कागदावर दिसत नाही. संदेशवहनाच्या विषयात तुम्ही लो-पास फिल्टर शिकला आहात. गॉशियन ब्लर हा तोच आहे. उच्च वारंवारता त्याने आधीच काढून टाकलेली असते, म्हणून नमुने विरळ घेतले तरी माहिती हरवत नाही. सिग्मा एका पिक्सेलएवढा जरी असला तरी नमुना घेण्याच्या मर्यादेवरच्या वारंवारतेचा एक टक्क्याहून कमी अंश उरतो. म्हणजे धूसर आकाराला कमी डीपीआय पुरतो, आणि 'रास्टर' या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही.

मग अक्षरे दातेरी का होतात? कारण ब्लर किंवा फेदर सावलीला न देता सावली, चित्र आणि अक्षरे यांच्या गटाला दिलेला असतो. फिल्टर ज्याला जोडला तो संपूर्ण गट पिक्सेलांत गोठतो. ०.४ मिलिमीटर जाडीची अक्षराची रेघ ९६ डीपीआयला दीड पिक्सेलात बसवावी लागते, ती फाटणारच. ३०० डीपीआयला तिला जवळपास पाच पिक्सेल मिळतात, तरीही ती मूळ वक्राइतकी स्वच्छ येत नाही. गुन्हा सावलीचा नाही. तिच्याबरोबर निरपराध अक्षरांना गोठवण्याचा आहे.

नियम असा: फिल्टर नेहमी फक्त धूसर वस्तूलाच जोडा, गटाला नको. पीडीएफ केल्यावर ती ८०० टक्के मोठी करून अक्षरांची कड तपासा. आणि डीपीआय अंतिम आकारमानावर ठरवा. लहान कागदावर बनवलेली पीडीएफ फ्लेक्ससाठी बारापट ताणली तर पाव मिलिमीटरचा ठिपका तीन मिलिमीटरचा होतो. सॉफ्टवेअरने मधल्या किमती भरल्या तर निभावते, नाही भरल्या तर जवळून पायऱ्या दिसतात.

ईपीएस मागणारे छापखाने अजून आहेत. पोस्टस्क्रिप्ट भाषेत पारदर्शकताच नाही, त्यामुळे तिथे सावली तिच्याखालच्या रंगासह चपटी केली जाते. नंतर पार्श्वभूमी बदलली तर जुन्या रंगाचा ठसा सावलीत राहतो. म्हणून पार्श्वभूमी पक्की होण्याआधी ईपीएस करू नये. कटिंग प्लॉटर आणि लेसर यंत्राला तर फक्त वक्र कळतो. तिथे मऊ कड हा प्रश्नच गैरलागू आहे, सावली काढूनच फाईल द्यावी.

५. ग्रेडियंट: प्रामाणिक, पण हट्टी

ग्रेडियंट हा खऱ्या अर्थाने व्हेक्टर आहे. दोन बिंदू, त्यांचे रंग आणि मधली वाटचाल एवढेच फाईलमध्ये लिहिलेले असते, आणि ते एसव्हीजी, पीडीएफ दोन्हींना कळते. मऊ वर्तुळ किंवा लंबवर्तुळ हवे असेल तर ब्लरकडे जाऊच नका. गोलाकार ग्रेडियंट घ्या, मध्यावर पूर्ण रंग आणि कडेला शून्य अपारदर्शकता. तिन्ही प्रश्नांत तो उत्तीर्ण होतो.

दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. एक, टोकाच्या थांब्याचा रंग बदलू नका, फक्त अपारदर्शकता शून्य करा. एसव्हीजीमध्ये रंग आणि अपारदर्शकता वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे पिवळ्याकडून 'पारदर्शक काळ्याकडे' गेलात तर मध्ये मळकट पट्टा येतो. दिव्याचे तेज काजळल्यासारखे दिसते ते बहुधा यामुळे.

दोन, दोनच थांबे ठेवले तर उतार सरळ रेषेत होतो आणि जिथे उतार सुरू होतो किंवा संपतो तिथे डोळ्याला नसलेली रेघ दिसते. अर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये हा दृष्टिभ्रम वर्णिला, म्हणून त्याला माख पट्टे म्हणतात. त्यावर उपाय वर दिलेल्या कोष्टकातच आहे. मऊ पट्ट्याची रुंदी चार समान भागांत वाटा आणि पाच थांबे ठेवा: ०, १६, ५०, ८४, १०० टक्के. ही जवळजवळ गॉशियन कड झाली, तीही एकही पिक्सेल न गोठवता.

ग्रेडियंटचा हट्ट असा की तो आकाराचे ऐकत नाही. तो रेषेत किंवा वर्तुळात जातो, पानाच्या किंवा ढगाच्या कडेने वळत नाही. आयताची मऊ सावली चार सरळ आणि चार गोल तुकडे जोडून करता येते, पण सांध्यांवर अँटी-अलायझिंगमुळे केसासारख्या फिकट रेघा उमटतात.

मास्क ही ग्रेडियंटचीच पुढची पायरी. वस्तू तीक्ष्णच ठेवायची आणि तिच्यावर पांढऱ्याकडून काळ्याकडे जाणारा ग्रेडियंट मास्क म्हणून घालायचा. पांढरा तिथे दिसते, काळा तिथे लपते. एका बाजूने विरत जाणारे छायाचित्र किंवा पाण्यातले प्रतिबिंब यासाठी हीच पद्धत योग्य. आणि सावली केवळ आतल्या बाजूला हवी असेल, जसे फळाच्या गोलाईवर, तर धूसर वस्तू तीक्ष्ण आकारात क्लिप करा. एसव्हीजीमध्ये फिल्टर आधी लागतो आणि क्लिप नंतर, त्यामुळे बाहेरची कड करकरीत राहते.

६. थर रचणे: कष्टाचे, पण कुठेही चालणारे

ब्लर येण्याआधी चित्रकार एकच आकार थोडा थोडा आत ओढून त्याच्या अनेक पारदर्शक प्रती एकमेकांवर ठेवत. इंकस्केपमध्ये 'इनसेट/आउटसेट हॅलो' हे एक्स्टेन्शन हेच करते. कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरमधले 'ब्लेंड' साधनही त्याच जातीचे.

येथे नेहमी होणारी चूक अशी की प्रत्येक थराला सारखी अपारदर्शकता दिली जाते. १० टक्क्यांचे १० थर एकावर एक ठेवले तर १०० टक्के होत नाहीत. प्रत्येक थर उरलेल्या ९० टक्क्यांतूनच जातो, म्हणून मध्यावर मिळतात ६५ टक्के. समान पायऱ्या हव्या असतील तर सर्वांत बाहेरच्या थराला एक दशांश, पुढच्याला एक नवमांश, मग एक अष्टमांश असे करत शेवटच्याला पूर्ण अपारदर्शकता द्या. हे सूत्र स्वतः सिद्ध करून पाहा, दोन ओळींचे काम आहे.

किंमत मोजावी लागते ती नोडांच्या संख्येत. २०० नोडांच्या आकाराचे २० थर म्हणजे ४००० नोड. मूळ आकार बदलायचा झाला तर सगळे थर पुन्हा करावे लागतात, कारण हॅलोच्या प्रती मूळ आकाराशी जोडलेल्या राहत नाहीत. दुसऱ्या प्रश्नात ही पद्धत नापास. तिसऱ्यात मात्र अव्वल. पार्श्वभूमीचा रंग माहीत असेल तर पारदर्शकतेऐवजी मिश्र रंगांचे भरीव थर करता येतात, आणि असे चित्र कोणत्याही जुन्या स्वरूपात जसेच्या तसे जाते.

७. मेश: समर्थ, पण बेघर

मेश म्हणजे आकारावर टाकलेले वक्र रेषांचे जाळे, ज्याच्या प्रत्येक गाठीला वेगळा रंग देता येतो. इलस्ट्रेटरमध्ये ते १९९८ मध्ये आले, कोरलड्रॉमध्ये 'मेश फिल' आहे, इंकस्केपने ०.९२ आवृत्तीत, २०१७ मध्ये ते दिले. फळ, चेहरा, कापडाची चुणी यांत मऊपणा हवा तिथे ठेवता येतो आणि नको तिथे करकरीत राखता येतो. पीडीएफमध्ये १.३ आवृत्तीपासून अशा तुकड्यांची छटा लिहायची सोय आहे.

पण वेबवर त्याला घर नाही. मेश ग्रेडियंट एसव्हीजीच्या दुसऱ्या आवृत्तीत येणार होते, पुढे वगळले गेले. ब्राउझर ते स्वतःहून दाखवत नाहीत, म्हणून इंकस्केप फाईलमध्ये जावास्क्रिप्टचा तुकडा जोडतो. शिवाय जाळे मुळात आडव्या-उभ्या ओळींचे असल्याने छिद्र असलेला किंवा फांद्या फुटलेला आकार त्यात नीट बसत नाही.

याहून सुंदर कल्पना २००८ च्या सिग्राफ परिषदेत अलेक्झांद्रिना ओरझान आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिचे नाव 'डिफ्युजन कर्व्ह'. वक्राच्या डाव्या-उजव्या बाजूंना रंग द्यायचे, आणि वक्रावर ठिकठिकाणी कड किती मऊ हवी हेही लिहायचे. मधले रंग प्वासाँचे समीकरण सोडवून मिळतात, जसे तापलेल्या पत्र्यात तापमान पसरते तसे. येथे मऊपणा हा वक्राचाच गुणधर्म होतो आणि एकाच कडेवर तो कमी-जास्त करता येतो. व्हेक्टरच्या तत्त्वाला धरून दिलेले हे सर्वांत सुसंगत उत्तर आहे. एसव्हीजी मानकात मात्र त्याला जागा मिळालेली नाही.

८. निष्कर्ष

सारांश असा. वर्तुळ किंवा लंबवर्तुळ असेल तर ग्रेडियंट वापरा, पाच थांब्यांसह. वस्तू एका दिशेने विरायची असेल तर मास्क. वाकडातिकडा आकार पडद्यासाठी असेल तर ब्लर, चौकट आणि सिग्मा तपासून. तोच छपाईसाठी असेल तरीही ब्लर चालेल, फक्त तो एकट्या धूसर वस्तूला जोडा आणि डीपीआय पाहा. फाईल अनोळखी किंवा जुन्या सॉफ्टवेअरकडे जाणार असेल तर थर. छटांनी भरलेले वास्तवदर्शी चित्र केवळ छपाईसाठी असेल तर मेश.

आता सॉफ्टवेअरवरचा अभिप्राय. ब्लरची पट्टी रंगाशेजारी ठेवून इंकस्केपने एक अवघड गोष्ट सर्वांच्या हाती दिली, तीही फुकट. संगणक प्रयोगशाळेत परवान्याचे पैसे नसलेल्या देशभरच्या महाविद्यालयांसाठी याचे मोल मोठे आहे. पण पट्टीने तीन गोष्टी सांगायला हव्यात: कड किती मिलिमीटर पसरेल, ही वस्तू पीडीएफमध्ये गोठणार आहे, आणि तिच्याबरोबर आणखी काय काय गोठणार आहे. इलस्ट्रेटरही या बाबतीत फार पुढे नाही. त्याचा डीपीआयचा निर्णय वेगळ्या पेटीत दडलेला असतो.

तुम्ही पुढे कदाचित अशी सॉफ्टवेअर वापरणारेच नव्हे, लिहिणारेही व्हाल. साधन सोपे करताना गुंतागुंत झाकावीच लागते. पण जी गुंतागुंत शेवटी वापरणाऱ्याच्या कागदावर उमटणार आहे, ती झाकणे म्हणजे त्याची फसवणूक आहे. पट्टी सोपी ठेवा, आणि तिच्याखाली एक खरी ओळ लिहा.

स्वाध्याय

१. बाजू १०० एकक असलेल्या चौरसाला सिग्मा १० चा ब्लर देणारी एसव्हीजी फाईल हाताने लिहा. फिल्टरची चौकट न लिहिता आणि लिहून, दोन्ही चित्रे ब्राउझरमध्ये पाहा. कापलेली कड ओळखा.

२. तुमच्या भाषेच्या लिपीतला एक शब्द ४ सेंटिमीटर उंचीचा लिहा. त्याच्या चार प्रतींना वाढता ब्लर द्या. कोणती दोन अक्षरे सर्वांत आधी सारखी दिसू लागतात आणि का, ते रेघेची जाडी मोजून सांगा.

३. एकच मऊ वर्तुळ ब्लरने, दोन थांब्यांच्या ग्रेडियंटने आणि पाच थांब्यांच्या ग्रेडियंटने काढा. माख पट्टा कशात दिसतो?

४. सावली आणि मजकूर एका गटात ठेवून गटाला ब्लर द्या, मग केवळ सावलीला द्या. दोन्हींच्या पीडीएफ ८०० टक्के मोठ्या करून तुलना करा.

५. समान पायऱ्यांसाठी थरांच्या अपारदर्शकतेचे सूत्र सिद्ध करा. पायऱ्या समान न ठेवता गॉशियन हव्या असतील तर सूत्रात काय बदल होईल?